सह्याद्रीचा सातबारा कोणाच्या नावावर?

दूरदर्शनबद्दल प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली आणि निम्म्याहून अधिक पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: मुंबई दूरदर्शन, म्हणजे आजची सह्याद्री वाहिनी, मुळात मालकीची कोणाची? मी वाहिनीत नोकरीला कधीच नव्हतो. सासवडला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं, पुढे केबल टाकली, शेवटी तीही विकून मोकळा झालो. त्यामुळे वरळीच्या स्टुडिओतल्या आतल्या गोष्टी माझ्याकडे मागू नका. पण तिथून निघालेलं चित्र लोकांच्या घरात कोणत्या वाटेने पोचत होतं आणि त्या वाटेवर मालक म्हणून कोण कोण उभं राहिलं, हे सगळं माझ्या हाताखालून गेलेलं आहे.

प्रश्न : सह्याद्री ही महाराष्ट्र सरकारची वाहिनी की केंद्र सरकारची? आमच्याकडे यावरून चांगलीच जुंपते. मुलगा म्हणतो राज्याची, कारण बातम्यांत मंत्रालयच जास्त. सून म्हणते केंद्राची. मी म्हणते, दोघांचीही नाही. (निवृत्त शिक्षिका, चिपळूण)

बाई, पहिला नंबर तुमचा. सुनेला निम्मे गुण द्या. मुलाला मात्र भोपळा. प्रसारण हा विषय घटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्राच्या यादीत आहे, टपाल आणि टेलिफोनच्या पंगतीत, ३१ व्या क्रमांकावर. त्यामुळे मुंबईत मंत्रालय हाकेच्या अंतरावर असलं तरी वाहिनीच्या सातबारावर राज्य सरकारचं नाव एकदाही चढलं नाही.

फेरफार मात्र बरेच झालेत, ते क्रमाने सांगतो. भारतात टीव्ही सुरू झाला १५ सप्टेंबर १९५९ ला, दिल्लीत, आणि तोही आकाशवाणीच्या पदराआड. दुसरं केंद्र निघायला तेरा वर्षं गेली. ते मुंबईचं, २ ऑक्टोबर १९७२ चं. तेव्हा कागदावर मालक आकाशवाणी, म्हणजेच केंद्राचं माहिती आणि नभोवाणी मंत्रालय. रेडिओवाल्यांनी टीव्ही चालवू नये, दोन्ही वेगळे करा, असं चंदा समितीने १९६६ सालीच सांगून ठेवलं होतं. ते प्रत्यक्षात आलं १ एप्रिल १९७६ ला, ऐन आणीबाणीत. दूरदर्शन वेगळं झालं, पण मंत्रालय तेच राहिलं. वाटणी झाली तरी थोरल्याची सत्ता सुटली नाही, त्यातलाच प्रकार.

आणीबाणी उठल्यावर जनता सरकारने वर्गीज समिती नेमली. समितीने १९७८ मध्ये ‘आकाश भारती’ नावाचा स्वायत्त न्यास सुचवला. सरकार पडलं आणि अहवाल कपाटात गेला. मग १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंगांच्या काळात प्रसार भारती कायदा संसदेत मंजूर झाला. मंजूर झाला म्हणजे लागू झाला असं समजू नका. मधे सरकारं आली आणि गेली, कायदा सात वर्षं तसाच पडून राहिला. गुजराल सरकारात जयपाल रेड्डी मंत्री असताना १५ सप्टेंबर १९९७ ला तो लागू झाला, आणि २३ नोव्हेंबर १९९७ ला प्रसार भारती हे महामंडळ उभं राहिलं. तारीख बघा, १५ सप्टेंबर, टीव्हीचा वाढदिवस. आपल्याकडे मुहूर्त चुकत नाही, वर्षं चुकतात.

तेव्हा आज कब्जेदार सदरी नाव आहे प्रसार भारतीचं. पण सातबारावर ‘इतर हक्क’ म्हणून रकाना असतो, बाई, आणि सगळी गोम त्यात असते. या वाहिनीच्या इतर हक्कांत भारत सरकार ठाण मांडून बसलंय. पगाराचा मोठा भार केंद्राच्या अनुदानावर. ५ ऑक्टोबर २००७ च्या आधी लागलेले कर्मचारी २०१२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्र सरकारचेच, प्रसार भारतीत ते प्रतिनियुक्तीवर आहेत असं मानलेलं. कायद्याच्या २३ व्या कलमात देशाची सुरक्षा, सार्वभौमत्व वगैरे कारणांसाठी अमुक दाखवा, तमुक दाखवू नका, असं सांगायचा अधिकार केंद्राने राखून ठेवलाय. अध्यक्ष आणि सदस्य मात्र मंत्री परस्पर निवडत नाही. त्यासाठी राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती अशी तिघांची समिती आहे.

म्हणून सुनेला निम्मे गुण. स्वायत्तता आहे, पण घरमालकाच्या किल्ल्यांचा एक जुडगा अजून त्याच्याच कमरेला आहे.

नावाचं म्हणाल तर मुंबई दूरदर्शनच्या मराठी कार्यक्रमांची उपग्रह वाहिनी आधी ‘डीडी-१०’ म्हणून ओळखली जायची. ‘सह्याद्री’ हे बारसं २००० सालचं. ज्या अधिकाऱ्याने हे नाव सुचवलं असेल त्याला माझा नमस्कार. नंबरावर कुणाचा जीव जडत नाही.

प्रश्न : वडिलांच्या ट्रंकेत टीव्हीच्या लायसनचं पुस्तक सापडलं. आत पोस्टाच्या तिकिटांसारखी तिकिटं चिकटवलेली. टीव्ही बाळगायला परवाना लागायचा? (वाचक, नगर)

लागायचा. रेडिओलाही लागायचा. पोस्टात जायचं, दरवर्षी पैसे भरायचे आणि पुस्तकात तिकीट लावून शिक्का मारून घ्यायचा. तार आणि बिनतारी कायद्यांखाली प्रसारण ऐकायचं किंवा बघायचं यंत्र ठेवणं हीच परवान्याची बाब होती. १९८५ मध्ये ही पद्धत बंद झाली. दुकानात सेट विकला की गिऱ्हाइकाला लायसनची आठवण करायची, हा आमच्या धंद्यातला शिरस्ता. बरेच जण पुढे नूतनीकरण टाळायचे आणि तपासनीस आल्याची आवई उठली की गल्लीतल्या गच्च्यांवरच्या अँटेना रातोरात आडव्या व्हायच्या. पुस्तक रद्दीत घालू नका.

प्रश्न : आमच्याकडे सत्तरच्या दशकात उंच पाइपावर अँटेना लावून मुंबईचा टीव्ही दिसायचा. शेजारी सांगतात तो पुण्याचा होता. पुण्याला तेव्हा स्वतःचं केंद्र होतं का? (वाचक, फलटण)

तुम्ही दोघंही भांडण मिटवा. कार्यक्रम मुंबईचा, फेकणारा मनोरा पुण्याचा. १९७३ मध्ये सिंहगडावर सहक्षेपण केंद्र सुरू झालं. सहक्षेपण म्हणजे वरळीहून आलेलं चित्र झेलायचं आणि पुन्हा आसमंतात सोडायचं; स्वतःचं काही नाही. निवेदिका मुंबईची, बातम्या मुंबईच्या, ‘व्यत्यय’ची पाटीसुद्धा मुंबईची. पण गड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरवर आणि त्यावर मनोरा, त्यामुळे पुणे शहर तर सोडाच, पार तुमच्या फलटणपर्यंत लोक नशीब अजमावायचे.

हा भाग माझा आहे, त्यामुळे थोडं ऐसपैस लिहितो. अँटेना म्हणजे ॲल्युमिनियमच्या पोकळ कांड्या. सर्वात मागची सर्वात लांब, ती परावर्तक. तिच्यापुढे दुहेरी वाकवलेली कांडी, खरं काम तिचं, वायर तिला लागते. पुढे एकापेक्षा एक आखूड कांड्या, त्या जितक्या जास्त तितकी अँटेना लांबचं ओढते, पण तितकीच हट्टीही होते, बोटभर फिरली की चित्र गायब. त्या काळात वायर चपटी असायची, दोन तारांमध्ये प्लॅस्टिकची पट्टी. ती लोखंडी पाइपाला घासून आणली की सिग्नल खाल्ला जायचा, म्हणून मधे मधे चिनी मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या खुंट्या ठोकून तिला पाइपापासून लांब ठेवायची. गिऱ्हाईक म्हणायचं, खुंट्यांचे पैसे कशाला घेता? पहिल्या पावसात उत्तर मिळायचं.

सासवडातून सिंहगड पश्चिमेला. उघड्या माळावरच्या घरांना फारसा त्रास नव्हता. पण परिंच्याच्या बाजूला गेलात की पुरंदरचा अख्खा डोंगर आडवा. तिथे पाइप किती का चढवा, पडद्यावर नुसत्या मुंग्या. अशा एका वाड्यात मी अँटेना गडाकडे न धरता समोरच्या कड्याकडे धरली आणि चित्र आलं. कड्यावर आपटून परतलेली लाट आम्ही पकडली होती. प्रत्येक माणसाला शेजारी त्याची फिकट सावली होती, पण घरातल्या म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, असू दे, एकाच्या जागी दोन दिसतात, पैसे वसूल. बूस्टर नावाची डबी तेव्हा सोन्याच्या भावाने जायची. ती चित्राबरोबर मुंग्यांनाही मोठं करते, हे सांगून कुणाला पटायचं नाही.

पावसाळा संपला की जोडाच्या स्क्रूवर हिरवट जंग. कानसीने घासून वर ग्रीस लावलं की वर्षाची निश्चिंती. कावळे मात्र कुठल्याही उपायाला बधले नाहीत.

आता मालकीचं. मनोरा दूरदर्शनचा, अँटेना तुमची, मधली हवा फुकट. वर्गणी नाही, बॉक्स नाही, मधे तिसरा माणूस नाही. टीव्हीच्या इतिहासात एवढा सरळ व्यवहार पुन्हा झाला नाही, असं माझं मत आहे.

प्रश्न : जुने लोक म्हणतात, मुंबई दूरदर्शन पूर्वी जास्त ‘आपलं’ होतं. मालक तर तेव्हाही दिल्लीच होती. मग फरक कशाचा? (प्राध्यापिका, लातूर)

फरक घड्याळाचा. सुरुवातीला प्रसारण संध्याकाळचे काही तासच असायचं, पण ते तास मुंबईचे होते. शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’, शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. ‘गजरा’ लागला की रस्ते ओस. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ गावोगावच्या लग्नपंक्तीत बोलले जायचे. बातम्या द्यायला स्मिता पाटील, भक्ती बर्वे, प्रदीप भिडे. आणि निव्वळ मराठीच होतं असं नाही. केंद्र मुंबईचं, तेव्हा गुजराती कार्यक्रमही होते. ‘आवो मारी साथे’ बघताना भाषा न कळणारी मराठी घरंसुद्धा बसलेली मी पाहिली आहेत. दुसरं होतंच काय? पण शहर जसं होतं तसं पडद्यावर दिसत होतं, हेही खरं.

मग १५ ऑगस्ट १९८२ उजाडला. उपग्रह आला, रंग आले, दिल्लीत एशियाड व्हायचं होतं. त्या दिवसापासून ‘राष्ट्रीय कार्यक्रम’ सुरू झाला आणि रात्रीचा भरवशाचा वेळ दिल्लीकडे गेला. मराठीला उरला तो दिवेलागणीचा वेळ, म्हणजे बायका स्वयंपाकात आणि पुरुष गाडीला लटकलेले. मालक बदलला नाही, कायदा बदलला नाही, एक कर्मचारी हलला नाही. फक्त रात्रीचं जेवण झाल्यावर पडद्यावर कोण बोलणार, हे बदललं. मला विचाराल तर वाहिनी कुणाची हे ठरवायची खरी कसोटी हीच. कागदावरचं नाव नंतर.

तुमच्या लातूरसारख्या ठिकाणी आणखी एक गंमत झाली. १९८४ मध्ये सरकारने लहान लहान मनोऱ्यांचा सपाटा लावला, काही महिने तर देशात दिवसाला एक या वेगाने. गावोगाव टीव्ही पोचला म्हणून पेढे वाटले गेले. पण हे मनोरे उपग्रहावरून चित्र घ्यायचे आणि उपग्रहावर होती दिल्ली. म्हणजे महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावात टीव्ही आला, पण मराठी आली नाही. पुढे मराठी कार्यक्रमही उपग्रहावरून या मनोऱ्यांना मिळायला लागले. मधल्या काळात मात्र ज्यांच्या गच्चीवरून सिंहगड दिसायचा ते भाग्यवान ठरले. गडाजवळच्या गावांतून सोयरिकी जास्त जमल्या असतील तर मला नवल वाटणार नाही.

मुंबईला याच सुमारास, १९८५ मध्ये, दुसरी वाहिनीही मिळाली. ती फक्त मुंबईकरांसाठी होती. आम्हाला तिची जाहिरात वर्तमानपत्रात वाचायला मिळायची.

प्रश्न : कायद्याच्या वर्गात सरांनी सांगितलं की प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालय म्हणतं. मग वाहिनीच्या मालकीचा प्रश्न येतोच कुठे? (विद्यार्थी, पुणे)

येतो बाबा, तिथूनच येतो. खटला क्रिकेटचा. १९९३ ला हिरो कप होता, आयोजक बंगालची क्रिकेट संघटना. त्यांनी चित्रणाचे हक्क परदेशी कंपनीला दिले, दूरदर्शन बिथरलं, उपग्रहाशी जोडणीची परवानगी अडली आणि प्रकरण कोर्टात गेलं. निकाल लागला ९ फेब्रुवारी १९९५ ला. मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचं. ते म्हणतात की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी नको आणि पैसेवाल्यांचीही नको; सर्वांच्या हितासाठी तिचं नियमन करणारी स्वतंत्र, स्वायत्त सार्वजनिक संस्था सरकारने ताबडतोब उभी करावी.

निकालाचं पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ आहे, कारण खासगी वाहिन्यांना ते सोयीचं होतं. शेवटची सूचना कुणाला आठवत नाही. १९९७ मध्ये प्रसारण विधेयक लोकसभेत आलं, संयुक्त समितीकडे गेलं आणि लोकसभा विसर्जित झाल्यावर बाराच्या भावात गेलं. तशी सर्वांवर देखरेख ठेवणारी स्वतंत्र संस्था आजही नाही; परवानगी द्यायची ती केंद्राचं माहिती आणि प्रसारण मंत्रालयच देतं.

एक धागा जोडून देतो, परीक्षेत उपयोगी पडला तर पडला. वर चिपळूणच्या बाईंना सांगितलेल्या निवड समितीत प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष असतात. १९९७ मध्ये प्रसार भारती उभी राहिली तेव्हा त्या खुर्चीवर हेच सावंत होते.

प्रश्न : आमच्या गावात लोकल चॅनेलवर गणपती विसर्जन थेट दाखवतात, नगरपालिकेच्या बातम्या देतात. हे चॅनेल कुणाचं असतं? त्याला परवाना असतो का? (वाचक, इचलकरंजी)

आता तुम्ही माझ्याच दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. एके काळी असं चॅनेल माझंही होतं.

नव्वदच्या सुरुवातीला आखाती युद्ध झालं, सीएनएन बघायला लोक वेडे झाले आणि गल्लोगल्ली डिशा लागल्या. कायदा नव्हताच. एक मोठी डिश, दोन-चार रिसीव्हर, एक व्हीसीआर आणि काळ्या वायरचं भेंडोळं, एवढ्यावर माणूस ‘केबलवाला’ व्हायचा. झाडांवरून, विजेच्या खांबांवरून, कुणाच्या तरी पोटमाळ्यातून वायर न्यायची. दर काही घरांनंतर ॲम्प्लिफायर, आणि त्याला वीज ज्याच्या घरातून घेतली तो घराला कुलूप लावून गावाला गेला की पुढची अख्खी आळी आंधळी. म्हणून त्या घराचं केबलचं बिल माफ. त्याच्याशी भांडण करायचं नाही, हा धंद्यातला पहिला धडा.

व्हीसीआर ज्याच्यावर लावायचा तेच लोकल चॅनेल. दुपारी एक सिनेमा, रात्री एक. सिनेमाचे हक्क कुणाचे, ते विचारू नका. मधे पट्टीवर जाहिराती: साडी सेल, संगणक वर्ग, चिरंजीव अमुकचा वाढदिवस. सोपानकाकांच्या पालखीला कॅमेरा भाड्याने आणून चित्रण दाखवलं त्या रात्री एकाही गिऱ्हाइकाने स्टार प्लस मागितलं नाही. आपली आळी, आपला दिंडीवाला, गर्दीत आपली आत्या दिसते का म्हणून लोक पडद्याला नाक लावून बसले होते.

सप्टेंबर १९९४ मध्ये वटहुकूम आला, १९९५ मध्ये केबल कायदा. नोंदणी करायची ती मुख्य टपाल कार्यालयात, आणि दर वर्षी नव्याने. टीव्हीचं लायसन गेलं, पण टीव्हीवाल्याला पोस्टाच्या खिडकीवर उभं राहायचं चुकलं नाही. आता अलीकडे, २०२५ पासून, ही नोंदणी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होते. कायद्याच्या आठव्या कलमाने दूरदर्शन दाखवणं सक्तीचं केलं. मूळ तरतुदीत किमान दोन वाहिन्या होत्या. म्हणजे वायर माझी, खांब दुसऱ्याचा, गिऱ्हाईक माझं, आणि त्यात एक जागा सरकारची राखीव. मला ते कधी जाचक वाटलं नाही. सह्याद्री बंद पडली तर पहिला फोन गल्लीतल्या ज्येष्ठांचाच यायचा.

खरा घाव बसला सेट टॉप बॉक्सचा. मुंबईत २०१२ च्या अखेरीला, पुण्यात २०१३ मध्ये आणि आमच्यासारख्या लहान गावांत २०१७ पर्यंत जुनी केबल बंद करायची मुदत होती. डिजिटल यंत्रणा लाखांत नाही, कोटींत जाते. ती ज्याच्याकडे तो मोठा वितरक, कागदांत त्याला एमएसओ म्हणतात. त्याचा सिग्नल माझ्या वायरीतून यायला लागला आणि माझं लोकल चॅनेल त्याच्या मर्जीवर गेलं. मर्जीचा दर मला परवडला नाही. विकून टाकलं.

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर: आज असं चॅनेल म्हणजे नियमांच्या भाषेत ‘प्लॅटफॉर्म सेवा’, आणि तिची जबाबदारी एमएसओची. नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिची मंत्रालयाकडे नोंदणी लागते, दर चॅनेलला हजार रुपये. स्थानिक बातम्या द्यायच्या असतील तर चालवणारा कंपनी म्हणून नोंदलेला हवा, आणि एकूण वाहिन्यांच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त जागा अशा सेवांना देता येत नाही. पडद्यावर ती प्लॅटफॉर्म सेवा आहे हे दिसलं पाहिजे, असाही नियम आहे. तुमच्या चॅनेलवर कोपऱ्यात तसं लिहिलंय का, ते बघा. विसर्जन दाखवणारा पोरगा बहुधा तुमच्याच गावचा असेल. मालक तोच असेल असं मात्र धरून चालू नका.

प्रश्न : खासगी मराठी वाहिन्यांचे मालक तरी मराठी आहेत का? (दोन वाचकांनी विचारलं आहे, डोंबिवली आणि बेळगाव)

बहुतेक नाहीत आणि फार पूर्वीपासून नाहीत. अल्फा मराठी १९९९ मध्ये आली, २००५ मध्ये तिची झी मराठी झाली. समूह सुभाष चंद्रांचा. पण गंमत अशी की त्या कंपनीत प्रवर्तक कुटुंबाचा हिस्सा अलीकडच्या वर्षांत जेमतेम चार टक्क्यांच्या आसपास राहिलाय, बाकी भागधारक. ईटीव्ही मराठी २००० ची, हैदराबादच्या रामोजी रावांची. हात बदलत बदलत ती २०१५ मध्ये कलर्स मराठी झाली. बातम्यांत परदेशी भांडवलाला २६ टक्क्यांची मर्यादा होती, म्हणून २००७ मधल्या स्टार माझामागच्या कंपनीत २६ टक्के स्टारचे आणि ७४ कोलकात्याच्या आनंदबाजार समूहाचे. २०१२ मध्ये स्टारने नाव काढून घेतलं आणि रातोरात एबीपी माझा. बातम्या देणारी माणसं तीच, मागची पाटी नवी.

सकाळ समूहाची साम मात्र अस्सल मराठी घरातली.

आणि ताजी गोष्ट: नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्सचा वायकॉम आणि डिस्नेचा स्टार एकत्र होऊन जिओस्टार झालं. म्हणजे रात्री साडेआठला एकमेकींच्या उरावर बसणाऱ्या कलर्स मराठी आणि स्टार प्रवाह आता एकाच घरच्या. बेळगावच्या वाचकांना सांगतो, कुठली वाहिनी कोणत्या कंपनीच्या नावावर आहे याची यादी माहिती आणि प्रसारण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. कंपनीचं नाव वाहिनीच्या नावाशी जुळेलच असं नाही. तिथून पुढचा शोध ज्याचा त्याने घ्यावा.

प्रश्न : आमची गच्चीवरची जुनी अँटेना अजून शाबूत आहे, पण सह्याद्री दिसत नाही. दुरुस्त होईल का, की भंगारात देऊ? (वाचक, देवरुख)

अँटेना निर्दोष आहे, हो. पलीकडून बोलणारंच कुणी राहिलं नाही. जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून होणारं जुन्या पद्धतीचं प्रसारण प्रसार भारतीने टप्प्याटप्प्याने थांबवलं. मार्च २०२२ पर्यंत सीमाभागासारखे मोजके मनोरे सोडून बाकी सगळे बंद झाले. मुंबईसारख्या काही शहरांत डिजिटल पद्धतीचं भूप्रसारण आहे, त्याला वेगळा ट्यूनर लागतो. देवरुखला तो हिशेब धरू नका.

तुमच्यासाठी डीडी फ्री डिश. ही सेवाही प्रसार भारतीचीच, डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने सुरू झालेली. डिश आणि बॉक्सचे पैसे एकदाच द्यायचे, महिन्याची वर्गणी नाही. सह्याद्री त्यात आहे. खासगी वाहिन्याही आहेत, त्या लिलावात बोली लावून जागा घेतात. सरकारच्या वाहिनीला त्यातून उत्पन्न आणि तुम्हाला फुकट मालिका.

कांड्या खुशाल भंगारात द्या, पाइप मात्र उपटू नका. तो डुलत नसेल तर डिशचा क्लॅम्प त्याच्यावरच बसेल. हलणारा पाइप अँटेनाला चालून जायचा, डिशला चालत नाही. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेवर आहे, म्हणजे तुमच्या गच्चीवरून आग्नेयेला, चांगला वर. बसवणाऱ्या पोराला आधी त्या दिशेला माड किंवा आंबा येतो का ते बघायला सांगा. मे महिन्यात मोकळी दिसणारी जागा ऑगस्टमध्ये पानांनी भरते, आणि मग माणसं बॉक्सला शिव्या घालत मला पत्र लिहितात.